गिळलेलं 'आहेत'

इंग्रजीतल्या 'हॅज'वरून आठवलं. मी जव्हार संस्थानच्या कचेरीत कारकून होतो. एकदा ठाण्याचा गोरा साहेब आला आणि दिवाण कुठे आहेत, असं विचारू लागला. मी म्हटलं, "ही वेंट टू मोखाडा."

साहेबाला वाटलं, जाऊन परत आलेत. दुपारपर्यंत ओसरीवर वाट बघत बसला आणि चिडून निघून गेला.

हेडक्लार्क म्हणाले, "अहो, दिवाण अजून तिकडेच आहेत ना? मग 'हॅज गॉन' म्हणायचं. 'हॅज' म्हणजे आपलं 'आहेत'. ते गिळू नका."

संध्याकाळी दिवाण परतले. "ठाण्याचे साहेब यायचे होते, त्यांचं काय झालं?"

मी अदबीनं म्हटलं, "साहेब गेले."

दिवाण मटकन खाली बसले. "कशानं?"

"टांग्यानं."

दिवाणांनी पगडी उतरवली.

आतून हेडक्लार्क ओरडले, "आहेत, दिवाणसाहेब, आहेत."