छत्रीचं भांडण

कमलवहिनी, मीना, आणि एवढ्या पावसात ऱ्हाइनच्या पलीकडून, काही तर थेट हॅम्बर्गहून आलेल्या माझ्या मित्रमंडळींनो,

मला बोलायला उभं केलंत, हीच पहिली चूक. भास्कररावांबद्दल चार चांगले शब्द बोलणारी माणसं लुडविग्सहाफेनमध्ये पुष्कळ आहेत. मी त्यांच्याशी भांडणारा माणूस. दहा वर्षं भांडलो. आज समोर तेच नाहीत. तरी बोलतो, कारण बोललो नाही तर मला घरी जाऊन झोप लागायची नाही.

नव्या विद्यार्थ्यांसाठी सांगतो. मी गोविंद. कारखान्यात यंत्रं दुरुस्त करतो आणि दर दिवाळीला याच चर्चच्या हॉलमध्ये आपला तो विनोदी चित्रपट दाखवतो. दहा वर्षं तोच एक. कारण आपल्याकडे तेवढाच आहे! मुंबईहून बोटीनं आलेली तीन रिळं, पाद्रीबाबांचा प्रोजेक्टर आणि पडदा म्हणून वहिनींची पांढरी चादर.

त्या चित्रपटात मामा भाच्याच्या खोलीत येतात. हातात छत्री. पुढच्या क्षणाला हात रिकामा. छत्री गेली कुठे? पहिल्याच वर्षी मी मोठ्यानं म्हणालो, "बघा आपल्या लोकांचा गलथानपणा! एक छत्री सांभाळता येत नाही!" सगळे हसले. भास्करराव उठून उभे राहिले. भर चित्रपटात! म्हणाले, "गोविंदराव, चूक नाही ही. मामा छत्री खुंटीला लावतात. ती घसरते. ते परत लावतात आणि तिलाच दम देतात. मी पुण्यात सहा वेळा पाहिलाय."

अहो, पण कुठे? कुठे लावतात? मी रीळ मागे घेतलं, पुन्हा दाखवलं. हात रिकामा. तरी यांचं आपलं, "लावतात म्हणजे लावतात!"

दर दिवाळीला हेच. दर दिवाळीला! चहाचा कप भरलेला असतो, मग एकदम रिकामा. टोपी डोक्यावर असते, मग हातात. मी म्हणायचो चूक, ते म्हणायचे नाही, मध्ये काहीतरी आहे. रसायनशास्त्र शिकलेला माणूस, पण पुरावा मागितला की काय? "मला आठवतंय!" हा काय पुरावा झाला? माझा पुरावा डब्यात होता, तीन रिळं. एकदा तर ट्राममध्ये आम्ही असे जुंपलो की दोघांचाही थांबा मागे गेला. वर मलाच म्हणतात, "तर मग गोविंदराव, तुमच्यामुळे चालायला लागलं." त्या दिवशी पायपीट करतानाही छत्रीच चालू होती.

गेल्या दिवाळीला माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर म्हणालो, "भास्करराव, एकदा तपासून घ्या. विसरायला लागलात तुम्ही." लोक हसले. तुम्हीच हसलात, इथे बसलेले. आणि भास्करराव खाली बसले. हळूच म्हणाले, "असेल बाबा. माझंच चुकत असेल."

मी जिंकलो! त्या दिवशी शीळ घालत घरी गेलो मी.

पुढचं मला परवा वहिनींनी सांगितलं. ते खरंच डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. पण यांचा स्वतःवरचा विश्वासच उडाला. प्रयोगशाळेत एकेक आकडा शेजाऱ्याकडून दोनदा तपासून घ्यायचे. मीनाला पुण्याच्या गोष्टी सांगायचे ना, त्या बंद केल्या. "मला नीट आठवत नाही गं," म्हणायचे. आणि गेल्या आठवड्यात त्यांचं हृदय थांबलं. डोकं ठणठणीत होतं हो त्यांचं.

परवा मी निघताना मीना मला जर्मनमध्ये म्हणाली, "ओंकेल, पापा सगळंच विसरायचे ना?" अकरा वर्षांची पोर. तिला पापांचा तो चित्रपट पुन्हा बघायचा होता. दाखवतो म्हणालो.

घरी आलो, रीळ काढलं, कापडानं पुसायला लागलो. बोटाला फिल्मच्या दोन तुकड्यांचा जोड लागला. दिव्यासमोर धरला. जोडाच्या अलीकडे मामांच्या हातात छत्री. पलीकडे हात रिकामा. आणि चित्राच्या अगदी कडेला, जी कड आपल्या चादरीवर कधी मावतच नाही, तिथे खुंटी. खुंटीला छत्री.

मग आठवलं. पहिल्या दिवाळीच्या सकाळी मी एकट्यानं रिळं लावून बघितली होती. फिल्म यंत्रात तीनदा अडकली, दिव्याच्या उष्णतेनं वितळली. दर वेळी मी कात्रीनं दोन हात फिल्म कापली, टोकं चिकटवली, तुकडा कचऱ्यात टाकला. कपाच्या जागी जोड माझाच. टोपीच्या जागीही माझाच. कुणाला बोललो नाही. म्हटलं, दोन हात फिल्ममध्ये असतं काय? पाच सेकंद असतात! तेवढ्यात माणूस छत्री लावतो, ती घसरते, तो परत लावतो. आणि मी हे संध्याकाळपर्यंत साफ विसरलो. विसरलो मी, आणि डॉक्टरकडे गेले ते!

अहो भास्करराव, मान का टाकलीत? गळ्याच्या शिरा ताणून इतकी वर्षं भांडलात, आणखी एक वर्ष भांडायला काय झालं होतं? "उघड तो डबा, दाखव ती फिल्म," असं एकदा म्हणायचं होतं. पण नाही. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. स्वतःच्या डोळ्यांनी सहा वेळा पाहिलेलं खोटं मानलंत आणि या गोविंदाचं खरं मानलंत! चिडू नको तर काय करू मी? आणि चिडून आता कुणाला सांगू?

वहिनी, तुम्हाला हात जोडतो. माझ्या त्या एका वाक्यानं त्यांचं शेवटचं वर्ष कडू केलं. माफी मागायलाही मला तोंड नाही.

मीना, इकडे बघ बाळा. मराठी तुला सगळी कळते, मला माहीत आहे. पापा काहीही विसरत नव्हते. ओंकेलनं, तुझ्या या काकानं, फिल्म कापली होती. पापांनी तुला पुण्याचं जे जे सांगितलं, ती घरं, ती माणसं, ते रस्ते, ते सगळं खरं आहे. त्यातलं एक अक्षरही सोडू नकोस.

मंडळी, आता सगळे उभे राहू या. गेल्या दिवाळीला जे हसलो, ते आपण सगळेच. थोडा वेळ कुणी काही बोलू नका. मी तर मुळीच बोलणार नाही. फक्त त्याआधी, दहा वर्षांत जे एकदाही म्हणालो नाही, तेवढं म्हणू द्या.

भास्करराव, तुमचं बरोबर होतं.