टाकीतलं पाणी कुणी काढलं?

नाही, पण मला एक सांगा, स्वच्छता हा काय गुन्हा आहे का हो? घाण दिसली, काढली! आता ह्यात माणसाचं काय चुकलं? चुकलं. तेच सांगायला उभा केलाय मला... बसा, बसा, हेल्मेट मांडीवर ठेवा. मला चार माणसांपुढे बोलायची सवय नाही, पण तुम्ही आजचे नवे लोक, आणि नव्या लोकांना ही गोष्ट मीच सांगायची असा हुकूम आहे. कुणाचा, ते पुढे येईलच.

ती बाहेर आडवी पडलेली टाकी बघितलीत ना? फायबरची, दोन मजले उंच? तुम्हाला सांगतो, हायवे जिथे पुलाखाली खोलगट होतो तिथे पावसाचं पाणी तुंबतं, गाड्या बुडतात. म्हणून कडेला खड्डा खणून ही टाकी उभी पुरायची. गटारांचं पाणी तिच्यात येणार, आतले पंप ते उचलून नाल्यात फेकणार. सोपं आहे! मलासुद्धा कळलं. कळलं नाही ते एवढंच, की फायबर म्हणजे हलकं. आणि हलकी वस्तू पाण्यात... जाऊ दे, येईलच.

मला इथे चिकटवलं भाऊजींनी. भाऊजी म्हणजे ताईचे मिस्टर, इथले मुकादम. ताईने शब्द टाकला, "पोरगा गरीब आहे स्वभावाने, सांगाल ते करील." आता सांगाल ते करील, हे खरं. पण न सांगितलेलंही करील, हे तिलाही ठाऊक नव्हतं! मी आठवीत शाळा सोडली ती का? अपूर्णांक कळेनात. विचारलं का मी? नाही विचारलं! उभं राहून विचारण्यापेक्षा शाळा सोडणं सोपं वाटलं.

तर त्या दिवशी अशीच एक टाकी खड्ड्यात उभी, सकाळीच बुडाभोवती काँक्रीट ओतलेलं, ओलंच अजून. खड्ड्यात जमिनीतलं पाणी झिरपत होतं, ते उपसायला एकुलता एक पंप घरघरतोय. भाऊजी म्हणाले, "दुपारी साहेब येणारेत. आम्ही पुढच्या पुलावर पाइप उतरवून येतो. तू टाकीवर लक्ष ठेव."

लक्ष ठेवलं. वाकून आत बघितलं, तर अर्धी टाकी गढूळ पाण्याने भरलेली! वर पालापाचोळा, एक चप्पल तरंगतेय... म्हटलं, अरे देवा! साहेब येणार, नवी कोरी टाकी, आणि आत हे? भाऊजींची काय इज्जत राहील? हे पाणी इथे का आहे, विचारलं का मी? नाही विचारलं! क्रेनवाला तिथेच केबिनमध्ये घोरत होता, त्याला उठवायलासुद्धा मला संकोच!

पंप एकच. मग खड्ड्यातला काढला आणि टाकीत सोडला. आता नळीचं तोंड कुठे काढू? रस्त्यावर काढलं तर चिखल होईल, साहेबांचे बूट खराब होतील. म्हणून सोडलं... खड्ड्यात. हसा, हसा. आतलं पाणी बाहेर, बाहेरचं उपसणं बंद! दोन तासांत टाकी रिकामी. मग शिडीने आत उतरलो, फडकं घेतलं आणि तळ पुसायला लागलो. घरची फरशी कधी पुसली नाही इतका मन लावून!

तेवढ्यात कर्रर्र... मला वाटलं, मला चक्कर आली. शिडी कलली. धडपडत वर चढलो, टाकीच्या तोंडातून डोकं बाहेर काढलं, तर एरवी उंचावरून माझ्यावर खेकसणारा क्रेनवाला समोरासमोर! तो डोळे चोळत म्हणतो, "अरे, तू वर आलास की मी खाली गेलो?"

मीच वर आलो होतो. टाकीसकट! आणि नेमकी तेव्हाच साहेबांची गाडी थांबली. साहेब उतरले, मागून भाऊजी, मागून सगळी गँग. मी काय केलं? नमस्कार केला. फडक्यासकट.

साहेब म्हणाले, "मुकादम, हे काय आहे?"

भाऊजींनी नळी बघितली, पंप बघितला, माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं. मान खाली घालून म्हणाले, "चूक माझी, साहेब. मी नीट समजावलं नाही."

"मग उद्यापासून मुकादमी दुसरा कोणी करील."

तुम्हाला सांगतो, बारा वर्षं पाट्या वाहून तो माणूस मुकादम झाला होता. बारा वर्षं! आणि माझ्या एका फडक्यात...! मग हात वर केला. वर्गात करतात तसा. "साहेब, मी... पाणी घाण होतं..."

"अरे, ते पाणी नव्हतं, वजन होतं! काँक्रीट धरेपर्यंत टाकी दाबून ठेवणारं वजन! कुणाला विचारून काढलंस?"

विचारलं का मी?

साहेबांनी माझ्या हातातलं फडकं बघितलं. मग म्हणाले, "मुकादमी राहू दे. पण ह्यापुढे इथे नवा माणूस आला की हा उभा राहून सांगेल. सगळं. काही न गाळता."

नोकऱ्या वाचल्या. आठवडा गेला काँक्रीट फोडून टाकी पुन्हा बसवण्यात. पण त्या दिवसापासून भाऊजी माझ्याशी कामापुरतंच बोलतात. "दोरी सोड." "पाइप धर." बस्स. ताईला घरी एक अक्षर सांगितलं नाही. अहो, शिव्या घातल्या असत्या तर एक वेळ जेवण तरी गेलं असतं! तीन महिने झाले. रागावलात का, एवढं तरी विचारलं का मी? नाही विचारलं...

तर झालं. टाकीतलं पाणी काढू नका. आणि विचारत जा. काही शंका? कुणालाच नाही? तो मागे हात कुणाचा? उभे राहा की, लाजताय काय...

भाऊजी? तुम्ही?

काय गाळलं? काही नाही हो, सगळं सांगितलं... नाही, ते कशाला... अहो, लोक आधीच हसतायत... बरं. बरं, सांगतो.

तर मंडळी, एक राहिलं. पुसायच्या आधी साबण लावला होता.