मैनाची मान

परळच्या जनावरांच्या दवाखान्यात कालिंदी मांजराची टोपली घेऊन बसली होती. शेजारी वरातीचे बग्गीवाले अप्पा आणि त्यांची लेक सुरुची.

"अप्पा, कर्जतच्या बाई आपल्या मैनाला दत्तक न्यायला आल्यात. घोडी टेम्पोत चढली पण. भेटून या ना," सुरुची म्हणाली.

"तू जा."

"रोज इथवर येता नि लांबूनच बघता. पाठीच्या जखमा भरल्यात तिच्या. रागावली नाहीये ती."

"म्हायतेय."

"परवा नुसता तुमचा आवाज ऐकला, तर लगेच मान खाली घातली. डॉक्टर पण बोलले, किती माया!"

"माया कसली गं! लगाम चढवायला मान देते ती. आज नको द्यायला."

बाहेर मैनाचा टेम्पो सुरू झाला नि दारापाशी आला. अप्पांना खोकल्याची उबळ आली. त्यांनी घाईघाईने तोंडात रुमाल कोंबला.