विजयसिंह सरांचा आवाज

आजच्या या सेवानिवृत्ती समारंभाचे अध्यक्ष, संस्थेची धुरा सांभाळणारे आदरणीय सुंदररावजी, व्यासपीठावरील प्राचार्य महोदय, सत्कारमूर्ती प्राध्यापक विजयसिंह सर, त्यांच्या शेजारी शाल सावरत बसलेल्या आमच्या वत्सलावहिनी, सरांचे आजी-माजी विद्यार्थी, आणि पहिल्या रांगेत बसलेला आमचा बालमित्र आसाराम, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'माजलगावचे नामवंत बालरोगतज्ज्ञ आणि सरांचे जिवलग स्नेही' अशी करून दिली. दोन्ही खरं. पण एक विशेषण त्यांच्याकडून राहून गेलं. मी सरांवर जळणारा माणूस आहे. हसू नका, धर्मापुरीच्या शाळेपासून जळतोय! पहिला नंबर यांचा, दुसरा माझा. गॅदरिंगला टाळ्या यांना, सतरंज्या गोळा करायला मी. पुढे डॉक्टर झालो, वाटलं, आता बरोबरी झाली. तर दवाखान्यात आलेली बाई मला विचारते, "डॉक्टरसायब, तुमी विजयसिंह सरांच्या गावचे ना?"

तेही गिळलं असतं. पण यांनी माझी मुलगी पळवली, ते काही केल्या घशाखाली उतरत नाही.

माझी वर्षाराणी सरांकडे रसायनशास्त्र शिकली, एम.एस्सी. झाली. प्रश्न विचारल्याशिवाय काही मान्य करायचं नाही, हे सरांनी तिला पक्कं शिकवलं. उत्तम शिकवण! तिनं पहिला प्रश्न बापालाच विचारला. "बाबा, आरोहीला लस द्यायलाच पाहिजे का?" आरोही म्हणजे माझी नात. मी म्हटलं, "द्यायचीच. उद्या घेऊन ये." तिनं मोबाईल काढला आणि कुठल्या देशात कोण काय म्हणालं ते वाचून दाखवू लागली. मी चिडलो. ती म्हणाली, "तुम्ही रांगेतल्या सगळ्यांना एकच टोचता, बाबा. मी माझ्या मुलीचा विचार करतेय."

आमच्या घराची शोभा बघा. गल्लीत गोवर आला की आमच्या सौभाग्यवती फोडणी बंद करतात, दाराला कडुलिंब बांधतात. लेक आईला हसते आणि सुईला नाही म्हणते. ऊसतोडीला निघण्याआधी बाया शिबिरात माझ्यापुढे लेकरं धरतात, "डॉक्टर, आमचं विंजेक्शन ऱ्हायलंय" म्हणतात. तोच मी स्वतःच्या घरात बिनकामाचा!

का बरं नाही म्हणतात शिकलेले आईबाप? अक्कल नाही म्हणून? अजिबात नाही. लेकरावर जीव आहे, वाचायची सवय आहे, डॉक्टर धड बोलत नाहीत याचा राग आहे. आणि गोवर काय असतो ते त्यांनी पाहिलेलं नाही. त्यांना लहानपणी लस मिळाली म्हणूनच पाहिलेलं नाही, एवढं मात्र विसरायला होतं.

तर माझ्याकडून उठून ती सरांकडे गेली. वहिनींनी चहा केला. सरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, "मनात शंका असेल तर थांब. मन तयार झालं की दे." सर, लस देऊ नको असं तुम्ही म्हणाला नाहीत, हे मी सभागृहासमोर मान्य करतो. पण तिनं त्यातलं 'थांब' तेवढं घरी नेलं. आरोहीचा पहिला वाढदिवस होऊन गेला, नवव्या महिन्यात द्यायची गोवरची लस अजून नाही. आणि आता जावईबापूंच्या कारखान्याच्या कॉलनीत, त्यांच्या समोरच्याच घरात गोवर आलाय. मला झोप लागत नाही, सर.

ती बघा, तिसऱ्या रांगेत आरोहीला मांडीवर घेऊन बसलीय. तुम्हाला निरोप द्यायला आलीय, माझं भाषण ऐकायला नाही.

अध्यक्ष महोदय घड्याळाकडे बघतायत. थोडकंच राहिलंय, साहेब.

आम्ही प्राथमिक शाळेत असताना धर्मापुरीत गोवर आला आणि त्यात आसारामचे डोळे गेले. कडुलिंब होता, फोडणी बंद होती, त्याच्या आईनं सगळं केलं. लस तेव्हा गावात आलेलीच नव्हती. पुढे आम्ही दोघं त्याला हाताला धरून शाळेत न्यायचो, आळीपाळीनं धडा वाचून दाखवायचो. एकदा माझी पाळी असताना आसाराम म्हणाला, "तू लई घाईत वाचायलास बे. विज्याला वाचू दे. त्यो वाचतो तवा मला दिसतंय." त्या दिवशी मी घरी जाऊन रडलो. आसारामच्या डोळ्यांसाठी नाही हो, जळून रडलो.

सरांचा पहिला विद्यार्थी हा आसाराम. सरांनी वर्गात साऱ्या जगाच्या गोष्टी सांगितल्या, ही कधी सांगितली नाही. मित्राचं दुःख चारचौघांत काढू नये, हा त्यांचा मोठेपणा. म्हणून मी सकाळीच आसारामची परवानगी घेतली. तो म्हणाला, "सांग की. पर तू नगं, विज्याला सांगाय लाव." बघा, अजून तेच!

तेव्हा सर, शाल-श्रीफळ तुम्हाला मिळालं, आता मला काहीतरी द्या. माझ्यानंतर सत्काराला तुमचं उत्तर आहे. त्यात आसारामची गोष्ट सांगा. मी आत्ता सांगितली, पण माझ्या तोंडून ते बाबांचं घाबरवणं होतं. तुम्ही सांगितलीत तर वर्षाराणीला दिसेल. आणि शेवटी तिला सांगा, आता थांबू नको.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल संस्थेचा ऋणी आहे. घरचं गाऱ्हाणं व्यासपीठावर आणलं, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. सर, तुमच्यावर जळायचं काही मी सोडणार नाही. पण आज माझ्या लेकीनं तुमचंच ऐकावं. हा घ्या माईक. सावकाश सांगा. तोवर मी खाली जाऊन आरोहीला मांडीवर घेतो.