पेटीतली कवळी

मला सांगा, दात कशासाठी असतात? एवढ्या साध्या प्रश्नावरून मी एकदा माझ्याच दवाखान्यात भांडले.

ऐंशी-ब्याऐंशीची गोष्ट. मोहाडीला माझा दातांचा दवाखाना होता. आंधळगावच्या सीताबाई नावाच्या म्हातारीला मी पूर्ण कवळी करून दिली होती. वर्षभराने तिचा मुलगा तिला घेऊन आला आणि माझ्यावरच डाफरला, "बाई, तुमची कवळी ढिली होऊन राहिली. परवा लग्नात बोलता बोलता खाली पडली!"

कवळी पाहिली तर नवीकोरी. वर डांबरगोळ्यांचा वास.

"आजी, ही रोज घालत नाही का?"

"रोज कायची? सून पेटीत कुलपात ठेवते, डागिन्यासंगं. लग्न असलं का काढून देते."

"मग लग्नात तरी नीट जेवता ना?"

"पंगत बसली का सून वापस मांगून घेते. खराब होईन म्हणते."

माझं डोकंच फिरलं. मुलाला विचारलं, "अहो, मग घरी ही बाई खाते काय?"

तो शांतपणे म्हणाला, "पेज पेते ना. इतकी महागाची वस्तू, रोज वापरली तं झिजन नाई का?"

"आणि आई झिजली, ते दिसत नाही? हिरड्या बसल्या तिच्या, म्हणून कवळी ढिली झाली!"

मी तणतणतच कवळीला आतून नवा थर दिला, बसवली, रोज घालायची म्हणून दोघांनाही बजावलं.

म्हातारीनं माझा हात धरला. "दात तं बसले, बाई. आता त्या पेटीची एक किल्लीबी बनवून दे मले."