रुपरावची जीप

— बंद पडली? पडू दे. गाडी बंद पडल्यानं कोणी मरत नाही. किल्ली फिरव परत. क्लच दाब — पूर्ण, दीक्षा, पूर्ण, पाय खालपर्यंत जाऊ दे — अन् आता सोड, हळू, झोपलेल्या लेकराच्या डोक्याखालून हात काढतो न आपण, तसा पाय काढ. हां! चालली न? मागचा हॉर्न वाजवून राहिला तर वाजवू दे त्याले. मागं एवढा मोठा लाल 'एल' लावला आहे, तो बी कधीतरी शिकलाच असन न कोणाजवळ. अन् माझ्या पायाखाली बी ब्रेक आहे, हे ध्यानात ठेव. वीस वर्षं झाली मले लोकायले गाडी शिकवता शिकवता, एकाही पोट्टीले ठोकू दिलं नाही मी.

तर काय सांगून राहिली होती — हाव, आमच्या गाड्या. तूच विचारलं न, इंदुताई, तुमच्या वेळी बारावीतले पोट्टे काय चालवायचे म्हणून. अवं, आमच्या वेळी म्हणजे चौऱ्याण्णव साल, अर्धा वर्ग सायकलवर. माझ्याजवळ लुना होती, चॉकलेटी रंगाची. बाबा कलेक्टर ऑफिसात होते, त्यायनं स्कूटर घेतली अन् त्यायची जुनी लुना मले आली. भल्ली ऐट होती मले तिची! रविनगरकडचा चढ आला की ऐट संपली — पेडल मारत मारत वर, ओढणी एकीकडे, दप्तर एकीकडे, अन् बाजूनं पोट्टे ओरडत जायचे, 'इंदू, उतरून ढकल, लवकर पोचशील!' आमच्या वर्गातल्या मार्तंडजवळ येझदी फटफटी होती, काकाची. ती धरमपेठेत सुरू झाली की इकडे आमच्या फिजिक्सच्या सरांले कळायचं, मार्तंड आज बी उशिरा येऊन राहिला. गाडीवरून माणूस ओळखायचो आम्ही. चेहरा नंतर दिसायचा. — आरसा पाह्य. केस नाही, दीक्षा, ट्रक पाह्य, मागचा ट्रक. जाऊ दे त्याले पुढं. वाडीपर्यंत आणखी दहा भेटतीन असे, म्हणूनच मी तुले तिकडे नेत नाही अजून. इथून डावीकडे घे. इंडिकेटर! — तो वायपर होता. काही हरकत नाही, काच पुसली गेली.

अन् एक जीप होती आमच्या कॉलेजात. रुपरावची. नरखेडकडचा पोट्टा, घरी संत्र्याचे बगीचे. दहावीत दोनदा अडकला होता म्हणून आमच्यापेक्षा मोठा, एकोणीस वर्षाचा, लायसनवाला. बापानं नागपुरात खोली करून दिली अन् जीप बी दिली, कळमन्याच्या बाजारात माल आला की तू पाहत जाय म्हणून. वर टप नाही, मागं पेट्यांमधलं तणीस सांडलेलं, अन् बसलं की संत्र्याच्या सालीचा वास. त्याच्या शर्टाले बी तोच वास. बोलायचा कमी. काहून की बोलला की पोट्टे हसायचे, गावाकडचं बोलणं म्हणून — जसे आम्ही मोठे लंडनवरून आलो होतो! पण त्यानं जीप काढली की सगळे त्याचे दोस्त. दहा-दहा, बारा-बारा जण चढायचे अन् चालले फुटाळा तलावावर. हे सगळे गाणे म्हणून राहिले, दंगा करून राहिले, अन् हा गुपचूप गाडी चालवून राहिला. तिथं पोचलं की हे भुट्टे खायचे अन् हा जीपजवळ उभा. कोणी म्हणायचं नाही, ये गा रुपराव, तू बी खाय. मी बी नाही म्हटलं कधी.

एक दिवस मी त्याले म्हटलं, मले शिकव गाडी. तो म्हणे, 'तुह्या बाबाले चालते?' म्हटलं, बाबाले विचारून राहिली का मी? तुले विचारून राहिली. हसला. अन् मग सकाळी साडेसहाले, कॉलेजच्या मागच्या मैदानात, रोज. घरी सांगितलं, प्रॅक्टिकल आहे. तीन आठवडे प्रॅक्टिकल चाललं माझं! पण शिकवायचा काय, दीक्षा. आवाज चढवायचा नाही. ते लेकराच्या डोक्याखालून हात काढायचं — ते माझं नाही, त्याचं आहे. ह्या साऱ्या नागपुरात मी जेवढ्या बायांले गाडी शिकवली न, त्या सगळ्या त्याच्याच भाषेत शिकल्या, कोणाले माहीत नाही ते. — तिसरा टाक आता. टाक, टाक, रस्ता मोकळा आहे.

मग एका सकाळी मले जास्त हुशारी सुचली. म्हटलं, मैदान झालं, आज सायकल स्टँडवरून फिरवून आणते. त्या दिवशी खरंच प्रॅक्टिकल होतं, म्हणून स्टँड भरलेलं. नेली मी, थांबवली बी झकास. अन् निघताना पहिला टाकाचा तर रिव्हर्स पडला, अन् घाबरून ब्रेकच्या जागी ॲक्सिलेटर दाबला. सायकली पडल्या, दीक्षा — एक, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी — तो आवाज संपतच नव्हता. अन् जीप त्यायले लोळवत मागं मागं गेली अन् थांबली तर कशावर? प्रिन्सिपल सरांच्या स्कूटरवर. दसऱ्याले घेतलेली, हँडलचा झेंडूचा हार बी काढला नव्हता त्यायनं. चपटी!

हाव, हस. सगळेच हसतात. मी तेव्हा स्टिअरिंग धरून बसली होती, हात सुटेना. रुपरावनं एकेक बोट सोडवलं माझं. म्हणे, 'उतर. मागच्या जिन्यानं वर जाय अन् वर्गात बस.' मी म्हटलं, पण — तर म्हणे, 'माहा बाप मले चार शिव्या देईन. तुहा बाप तुले घरी बसवन. जाय.' खरंच होतं ते. सायन्स घेऊ द्या म्हणून मी घरी दोन दिवस जेवली नव्हती. मी गेली. वर जाऊन बसली, वही उघडली. सगळे खिडकीतून पाहून राहिले होते, म्हणून मी बी उठून पाहिलं. खाली तो एकटा एकेक सायकल उभी करून राहिला होता.

चार शिव्यांवर नाही भागलं. सरांनी त्याच्या वडिलांले बोलावलं. ते एसटीनं आले, धोतर, काळा कोट. मारलं नाही, शिव्या बी नाही दिल्या. पायरीवर उभं राहून फक्त हात पुढं केला. त्यानं किल्ली दिली. जीप बाप चालवत घेऊन गेला अन् हा बाजूले बसून. बारावीचा फॉर्म भरलाच नाही त्यानं. — मी? मी काय केलं? काही नाही केलं वं. बारावी झाली, बीएस्सी झाली, लग्न झालं. — थोडी हळू. पुढं गाय आहे, ती सरकणार नाही, तुलेच थांबा लागन.

मागच्या डिसेंबरमध्ये आमच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं. पार्किंगमध्ये पाहावं तर सगळ्यांच्या एकसारख्या मोठ्या पांढऱ्या गाड्या, कोण आलं कोण नाही काही समजेना. रुपराव बी आला, पहिल्यांदाच. चांगलं चाललं आहे त्याचं, दोन पोरी शिकल्या, बगीचा वाढवला. सगळ्यांसाठी संत्र्याच्या पेट्या घेऊन आला होता. अन् जेवणं झाल्यावर मार्तंडनं सुरू केलं, रुपरावनं सरांची स्कूटर कशी चपटी केली. दरवेळी सांगतो तो. लोक लोटपोट. मी बी दरवेळी हसते. पण ह्या वेळी तो समोर बसला होता न. मी उभी राहिली अन् म्हटलं, 'ती जीप मी चालवून राहिली होती.'

कोणी मानलंच नाही! जास्तच हसले. मार्तंड म्हणे, 'इंदू, तुले लुना चढत नव्हती वं, जीप कुठून चालवतेस!' तीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट सांगितली मी अन् लोक टाळ्या वाजवून राहिले. रुपराव हसला नाही. उठून बाहेर गेला. मी गेली मागं. म्हटलं, रुपराव, मले माफ कर, मी तेव्हाच सांगाले पाहिजे होतं. तर तो म्हणतो — हे पाह्य, तो चिडला नाही, आवाज नाही चढवला — म्हणतो, 'काहून सांगितलं इंदू? ह्या पोट्ट्यायले माहं नाव तरी कायले ध्यानात आहे? त्या स्कूटरपायी आहे. दीड वर्ष होतो मी तुमच्यात, दुसरं काय केलं मी? हा एकच किस्सा आहे माहा. तो बी तू नेऊन राहिली.'

मी माफी मागाले गेली होती, दीक्षा. माफी बरी असते, मागितली की आपण हलके. पण त्याच्या ह्या बोलण्याचं काय करू मी?

मग मी आत गेली. म्हटलं, अरे मजाक केली मी! मी तर वरच्या खिडकीत होती, सगळं पाहिलं आहे. अन् सांगितला न मग मीच किस्सा, मार्तंडपेक्षा भारी सांगितला. रुपराव रिव्हर्समध्ये कसा सुसाट आला, सर कसे धावत आले, अन् हा पठ्ठ्या खाली उतरून कसा म्हणाला, 'सर, तुमची स्कूटर मध्ये आली' — असं काही म्हटलं नव्हतं त्यानं, मी बनवलं ते. हॉल डोक्यावर घेतला लोकायनं. तो दारात उभा होता. लाजून राहिला होता, पन्नाशीचा माणूस, अन् हसून राहिला होता. मार्तंडनं जाऊन त्याच्या खांद्यावर हात टाकला अन् त्याले आपल्या टेबलवर घेऊन गेला.

बस, बस, इथं बाजूले घे. न्यूट्रल. हँडब्रेक. चांगली चालवली आज, खरंच. हे कोणाले सांगू नको बरं, घरी बी माहीत नाही माझ्या. काहून सांगितलं मी तुले, काय माहीत — काय? आमचं दोघायचं तसं काही? ... नाही वं. त्यानं कधी विचारलं नाही. अन् मी तर — उतर आता, उतर, दुसरी पोट्टी उभी आहे तिकडे केव्हाची. उद्या सातले. अन् दार जोरात लाव, नाही तर लागत नाही ते.