वैनीनं माझी जट सोडवली

मी मनीषा, धावड्याची. भोकरदन तालुक्यातलं धावडा, डोंगराच्या अंगाला, तिथं आमची शेती, मक्का, कपाशी अन् मिरची, मिरची तर लई. आता ताई, तुम्ही वही घेऊन माझी गोष्ट लिहायला आल्या, मला पिंपळगावात पार्लर चालवताना बघून राह्यल्या, पण मी मूळची मिरचीतली पोर. तोडणीला बायका यायच्या, दुपारी भाकरी खाऊन बांधावर टेकायच्या, अन् मी एकेकीच्या मागं जाऊन बसायची, काकू तुमची वेणी घालू का, मावशी तुमचा अंबाडा बांधू का. माय ओरडायची, अगं त्यांला जरा पडू दे, पण बायकाच म्हणायच्या, राहू द्या व, पोरीचा हात लई गोड लागतो डोक्याला. शाळेत गॅदरिंग असलं की साऱ्या पोरी माझ्यापुढं रांगेत.

पण यावर पोट भरता येतं असं कुणाच्या मनात बी न्हाई आलं, माझ्या बी न्हाई. आण्णा, माझे वडील, म्हणायचे, तू मास्तरीण हो, सावलीतली नोकरी. मंग डीएड केलं. जालन्याच्या बाजूला एक निवासी शाळा होती, खाजगी, नाव कशाला घ्यायचं, तिथं लागले. काय सांगू तुम्हाला, सुरुवातीला मला लई आवडलं होतं ते. तिसरीच्या पोरी, खेड्यापाड्यातून आल्या, माय आठवली की रडायच्या, मी त्यांला जवळ घ्यायची. मंग संस्थेनं वसतिगृह बी माझ्याकडंच दिलं. सकाळी पोरींना उठवायचं, आंघोळी, वेण्या, नाश्ता, मंग वर्गात शिकवायचं, मंग अभ्यासिका, रातच्याला कुणाला ताप तर तिच्याजवळ बसायचं. अन् उन्हाळ्याच्या सुट्टीत म्हणायचे, जा, गावोगाव फिरा, अ‍ॅडमिशन आणा. न्हाई म्हणायचं मला येतच नव्हतं. हेडसर म्हणायचे, मनीषा मॅडमला सांगा, त्या करतात. अन् मी करत गेले. वर्ष गेलं, दुसरं गेलं, किती गेली. घरी आले की दोन दिवस झोपायची अन् परत जायची.

मंग एकदा वर्गात उभी होते, हातात खडू, फळ्यावर तारीख लिहायची होती, अन् हात वर जाईना. कोणता महिना चालू आहे तेच सुचेना. तशीच उभी. पुढच्या बाकावरची एक पोर उठली, माझा पदर धरला अन् म्हणे, मॅडम, तुम्ही रडून राह्यल्या. मला माहीतच न्हाई. गालाला हात लावला तर ओला.

दादानं, माझ्या भावानं, मोटरसायकलवर घरी आणलं. हेडसर म्हणले होते दोन दिवस आराम करा. मी आडवी झाले ती उठलेच न्हाई. म्हणजे उठायची, जेवायची, पण कशातच जीव न्हाई. शाळेचा फोन यायचा तर मी गोधडी डोक्यावरून घ्यायची, मंग दादानं फोनच बंद करून कपाटात ठेवला. जालन्याला मनाच्या डॉक्टर बाई आहेत, त्यांच्याकडं नेलं. भल्या बाई. त्या म्हणल्या, तुम्हाला वेड लागलेलं न्हाई, कामानं तुमच्यातलं सारं वापरून टाकलं, काही शिल्लक ठेवलं न्हाई, याला बर्नआउट म्हणतात, अन् त्यात तुमचं मन आजारी पडलंय, गोळ्या घ्या, वेळ लागंल. आण्णांनी बाहेर येऊन विचारलं, म्हणजे नेमकं झालं काय? दादा म्हणला, थकली. आण्णा म्हणले, थकायला का तिनं नांगर धरला होता? त्यांचा दोष न्हाई हो, त्यांला कळत नव्हतं.

आता खरी गोष्ट सांगते. त्या पडून राहण्यात मी केस विंचरणं सोडून दिलं. मी, जी दुसऱ्यांच्या वेण्या घालत जगले ती. उशीवर घासून घासून मागच्या बाजूला केसांचा गुंता झाला, मंग त्याचा गोळा, मंग तो कडक होत गेला, दोरीसारखा. एक दिवस शेजारच्या काकू आल्या, त्यांनी बघितलं अन् एकदम हात जोडले. म्हणल्या, अगं ही तर जट, हिला देवीनं धरलंय, म्हणून तर पोर अशी झाली. झालं. आमच्याकडं पिंपळगावच्या रेणुकाई देवीचं मोठं मानणं, माय तर नवरात्रात उपाशी असते. मायनं जटेला हळदीकुंकू लावलं. बायका यायला लागल्या, पाया पडायला. कुणी म्हणे, हिला कात्री लावू नका, घरावर कोप येईल. कुणी म्हणे, आता हिचं लग्न करू नका, ही देवीची झाली.

अन् खरं सांगू का ताई, मला बरं वाटलं होतं. कारण की त्या दिवसापासून कुणी विचारलं न्हाई, की तू उठणार कधी, कामावर जाणार कधी. कोपऱ्यात बसले की काम झालं. आज विचार केला की अंगावर काटा येतो, तशीच बसले असते तर जन्मभर तिथंच बसले असते.

माझी वैनी, सुमन. दादाची बायको. तिच्याबद्दल किती बी सांगितलं तरी कमीच. सातवीपर्यंत शिकली, बोलायला लई कमी, सासऱ्यासमोर तर तिचा आवाज कुणी ऐकला न्हाई. अन् तवा ती पोटुशी होती, पहिल्यांदाच, लई वर्षांनी राह्यलं होतं. एक दिवस ती मायला म्हणली, आत्याबाई, मनीषाबाईंची जट मी सोडवते. माय घाबरली. म्हणे, येडी झालीस का, पोटात लेकरू हाय तुझ्या. वैनी म्हणली, मी देवीला रोज निवद दाखवते, ती मला वळखती. माय रडायला लागली, म्हणे, काही झालं तर? वैनी म्हणली, झालं तर मला होऊ द्या, पण ही अशी बसलेली मला बघवत न्हाई. कात्री लावत न्हाई मी, एक केस तोडत न्हाई, नुसती सोडवते.

अन् आण्णा, जे कधी बायकांच्या बोलण्यात पडले न्हाई, ते ओसरीवरून म्हणले, सोडवू दे तिला.

दुपारी भांडी घासून झाली की वैनी अंगणात लिंबाखाली पोतं टाकायची, मला पुढं बसवायची, खोबऱ्याचं तेल कोमट करून त्या गोळ्यात जिरवायची अन् पोती शिवायचं दाभण घेऊन एकेक केस सुटा करायची. दाभणाचं टोक तिनं दगडावर घासून बोथट केलं होतं, मला टोचू नये म्हणून. पोट पुढं आलेलं, पाय अवघडायचे, तरी बसायची. बोट बोट सुटायचं, कधी तेवढं बी न्हाई. रस्त्यानं बायका जायच्या, थांबायच्या, बघत राहायच्या, तरी ती मान वर करायची न्हाई. माझ्याशी बोलायची ते बी कशाचं, तर शेळीचं, मिरचीला आलेल्या रोगाचं. तुम्ही अशा कामून झाल्या, तुम्ही बऱ्या कधी व्हाल, बिलकुल न्हाई विचारलं.

अन् मला ऊन लागायला लागलं. म्हणजे ऊन तर रोजच होतं, पण ते अंगाला लागतंय हे कळायला लागलं. एका दुपारी मी रडले. वैनीनं हात काढला, दुखलं का? मी म्हणले, न्हाई वैनी, बरं वाटून राह्यलं. ती म्हणली, मंग रडा. अन् परत सोडवायला लागली.

ज्या दिवशी कंगवा वरपासून खालपर्यंत गेला त्या दिवशी माय घरातून बाहेर आली न्हाई. बाळंतपणापर्यंत माय रात न् दिवस जीव मुठीत धरून होती, वैनीला जरा ठसका लागला तरी दचकायची. मंग भोकरदनला दवाखान्यात वैनी बाळंत झाली, पोरगी, गुटगुटीत, मोठ्यानं रडणारी. मायनं नात मांडीवर घेतली, बराच वेळ बघत बसली. मंग दुसऱ्या दिवशी एकटीच पिंपळगावला गेली, रेणुकाईची ओटी भरून आली. काय बोलली देवीशी ते सांगितलं न्हाई. पण आल्या आल्या वैनीच्या पाया पडायला वाकली, सासू असून. वैनीनं धरली तिला मधातच.

बाळंतिणीच्या डोक्याला तेल लावायचं काम मी घेतलं. डॉक्टर बाई म्हणल्या होत्या, हाताला काम द्या, थोडं, रोज. मंग त्याच म्हणल्या, हे शिकत कामून न्हाई? भोकरदनला शबाना आपांचं पार्लर होतं, त्यांच्याकडं जायला लागले. आपा म्हणजे अंगानं मोठ्या, हसल्या की सारं दुकान हसायचं. मी घाई करायची, शाळेची सवय, जल्दी जल्दी आटपायचं. आपा म्हणायच्या, आराम से कर बेटा, चेहरा कहीं भागा नहीं जा रहा. थ्रेडिंग, फेशियल, नवरीचा मेकअप, सारं त्यांनी दिलं, हातचं काही राखलं न्हाई.

तरी एकदा पडलेच मी परत. लग्नसराई, मी साऱ्यांना हो म्हणत गेले, सकाळी एक नवरी, दुपारी एक, संध्याकाळी एक. एका नवरीच्या डोळ्याला काजळ लावताना हात पुढं जाईना, तोच खडूवाला हात. आपांनी बघितलं. माझ्या हातातून काजळ काढून घेतलं, नवरीला हसवत हसवत स्वतः तयार केलं, अन् मंग मला बाजूला बसवून म्हणल्या, तू फिर वही स्कूल खोल रही क्या? तवापासून एका दिवसाला एकच नवरी. लोक म्हणतात, अहो मॅडम, घ्या ना, जवळच आहे. मी म्हणते, न्हाई. आता येतं मला म्हणायला.

अन् ती केसातली शेतफुलं म्हणता ना तुम्ही, जी फोनवर फिरली, ती बी वैनीमुळंच. हिवाळ्यात शेतात बसलो होतो, मी गंमत म्हणून तिच्या अंबाड्यात करडईची फुलं खोचली, काटे काढून, जवसाची निळी फुलं, अन् बाजूनं ज्वारीचं कोवळं कणीस वाकवून बसवलं. वैनीनं फोटो काढून स्टेटसला ठेवला. केदारखेड्याच्या एका पोरीनं तो बघून निरोप धाडला, माझ्या लग्नात मला असंच पायजे. गेले. तिची माय भडकली, म्हणे, शेतातलं गवत घालता का लेकीच्या डोक्यात, गजरे काय मेले का? पोरगी आरशात बघत होती. म्हणली, माय, राहू दे, आपल्या वावरातलं आहे. अन् ती माय स्वतःच जाऊन अजून दोन कणसं घेऊन आली. आता तर कापसाची बोंडं, तुरीची फुलं, मिरचीची लाल तोरणं बी लावते, हंगामात जे असंल ते. दोन हंगामांच्या नवऱ्या कधीच सारख्या दिसत न्हाई माझ्याकडच्या.

मंग इथं पिंपळगावला खोली घेतली. मिरचीच्या बाजाराच्या बायका येतात, हात भगभगत असतात, आधी त्यांचे हात ताकानं धुते, मंग डोक्याला मालिश. कुणी झोपून जातं खुर्चीतच, मी उठवत न्हाई.

मागं एक आजी आल्ती, सून घेऊन आल्ती तिला, डोक्याला पदर घट्ट. पदर काढला तर जट कमरेपर्यंत, दगडासारखी, तरुणपणापासूनची. मान आखडलेली, कूस बदलता यायची न्हाई. सोडवणं शक्यच नव्हतं, इतकी जुनी. मी म्हणले, आजी, कापावी लागंल, तुमची मर्जी असंल तरच. आजीनं जटेवरून एकदा हात फिरवला. मंग म्हणली, काप, पण ती बाई बोलव जिनं तुही सोडवली, ऐकलंय म्या. मी दादाला फोन केला, वैनी कडेवर पोरगी घेऊन आली. तिनं आजीचे दोन्ही हात हातात धरले, मंग मी कात्री लावली. जट खाली पडली तशी आजीनं मान हळूहळू डावीकडं वळवली, मंग उजवीकडं, मंग पार मागं. म्हणली, अगं, मला मागचं दिसलं. सून रडली, वैनी रडली, मी रडले. आजी मात्र नुसती मान वळवून वळवून दुकान बघत होती. तवापासून अशा बायका गुपचूप येतात, मी कुणाकडून त्याचं काही घेत न्हाई. कुणाला कापावं वाटलं न्हाई अजून, तर तेल लावून परत धाडते, जबरदस्ती करत न्हाई.

गोळी अजून चालू आहे एक, डॉक्टर बाई म्हणतात, घाई न्हाई. लग्नाचं विचारून राह्यल्या? आलं तर आलं, न्हाई तर न्हाई, मी काही वाट बघत बसले न्हाई. दुपारी दुकान बंद करते, बोर्डावर लिहिलंय तसं, दार वाजवलं तरी उठत न्हाई. कधी कधी सकाळी डोळे उघडले की तेच जुनं जडपण छातीवर असतं. मंग म्हणते, ठीक आहे, आज थोडंच करू. आण्णा आता साऱ्या गावाला सांगतात, माझी पोरगी मोठी कलाकार आहे. देवानं, माणसांनी, साऱ्यांनी मिळून दिलं मला हे, माझी तक्रार न्हाई.

पण ताई, एक विचारू का? मघापासून बघून राह्यले, तुमचे खांदे पार कानाला लागलेत. लिहायचं राहू द्या जरा. ती वही ठेवा तिकडं. या, या खुर्चीवर बसा, तेल कोमटच आहे. मान सोडा. अजून सोडा. हं, अशी. तुमचं बी भलं होऊ द्या. डोळे मिटा आता, मी आहे.